गिटारची कवळी

माझे सासरे रुसले की घरात कसलाच आवाज होत नाही, आणि तोच सगळ्यात मोठा त्रास आहे. इतर माणसं रुसली की भांडी आपटतात, दारं आपटतात, निदान कुठल्या खोलीत आहेत ते तरी कळतं. बाबा गिटार पोटाशी धरून खिडकीजवळ बसतात आणि वाजवत नाहीत. मी दिवसभर दवाखान्यात लोकांना तोंडं उघडायला लावते. घरी आल्यावर समोर असं मिटलेलं तोंड दिसलं की माझं डोकं फिरतं.

"तूच काय ते बघ आता," सासूबाई म्हणाल्या. "मला तर चहासुद्धा मागत नाहीत. नुसता रिकामा कप पुढे करतात."

भानगड अशी होती. बाबा, मोजणीकाका आणि टेलरकाका हे तिघं दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वाजवतात. मोजणीकाकांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आता ते माउथ ऑर्गन वाजवतात आणि तिघांचे पुढारी आहेत. टेलरकाका अजूनही शिवतात, व्हायोलिन वाजवतात आणि सहसा बोलत नाहीत. बाबा बस चालवायचे. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना ही गिटार दिली. तिच्या पोटात पिकअप बसवलेला आहे, म्हणजे कडेच्या भोकात वायर खुपसली की आवाज थेट स्पीकरमधून येतो. वाचनालयाकडे माइक दोनच. एक माउथ ऑर्गनला, एक व्हायोलिनला. त्यामुळे बाबांची सगळी भिस्त त्या पिकअपवर.

आणि गेल्या महिन्यात मोजणीकाकांनी फर्मान काढलं. स्पीकरमधून गिटार बदकासारखी येते, ठेका समजत नाही, लोक कुजबुजतात. पुढच्या कार्यक्रमापर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर एक कीबोर्डवाला यायला तयार आहे, त्याच्या यंत्रात ठेका आतूनच येतो.

बाबांचं त्या हॉलमधलं जाणं बंद होणार म्हणजे काय होणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. खिडकी, गिटार आणि रिकामा कप. बाराही महिने.

"वाजवून दाखवा," मी म्हटलं.

"कशाला? तुला कळतं का त्यातलं?"

हे खरंच होतं. माझा कान ड्रिलवर तयार झालेला आहे. पण बदक मला ओळखता येतं. बाबांनी आधी वायर न लावता वाजवली. गोड, भरलेला आवाज आला. मग नवऱ्याच्या स्पीकरला वायर लावली, आणि तेच सूर प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेल्या, सर्दी झालेल्या बदकासारखे बाहेर पडले.

"हिची बॅटरी कधी बदललीत?"

बाबांनी जरा विचार केला. ती टेलरकाकांच्या कुठल्याशा मोडक्या रेडिओतून काढून बसवलेली निघाली. मी नवी आणली. त्यानंतर बदकाची सर्दी गेली आणि ते ठणठणीत बदक झालं.

मग मी गिटारच्या तोंडात डोकावले. माझा धंदाच तो. खालच्या बाजूला तारा जिथे लाकडावर टेकतात, तिथे एका खाचेत हाडाची एक पातळ पांढरी पट्टी उभी बसवलेली असते. तिला घोडी म्हणतात. घोडीच्या बुडाखाली दोऱ्याएवढी बारीक, चपटी वायर, तोच पिकअप. तारा घोडीला दाबतात, घोडी पिकअपला दाबते, आणि त्या दाबाचाच स्पीकरमध्ये आवाज होतो. बाबा हे समजावून सांगत असताना मला एकदम हुशारी आली. दोन कडक गोष्टी एकमेकींवर नीट टेकल्या नाहीत की काय होतं, हे या घरात माझ्याइतकं कुणाला कळणार?

"बाबा, हिचा चावा बिघडलाय," मी म्हटलं. "उद्या दुपारी दवाखान्यात आणा."

दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं असतं. मी गिटार खुर्चीवर आडवी केली, मान उशीवर टेकवली, वरचा दिवा पोटावर आणला. सवयीने नॅपकीनही बांधला. बाबा बाजूच्या स्टुलावर चुळबुळत बसले होते. इतक्यात गाल सुजलेले एक गृहस्थ दार ढकलून आत आले, खुर्चीकडे बघून थबकले आणि मला म्हणाले, "ह्यांच्या नंतर माझा नंबर का?"

"तुम्हाला फार दुखतंय का?"

"त्यांच्यापेक्षा जास्त," ते म्हणाले. गिटार उतरवली, त्यांची दाढ काढली, गिटार परत चढवली. बाबांनी तेवढ्यात त्यांना पिकअपची सगळी माहिती दिली, आणि तोंडात कापूस असल्यामुळे त्यांनी ती विनातक्रार ऐकून घेतली.

चावा तपासायला आमच्याकडे एक निळा कागद असतो. दातांत धरून चावायचा, जिथे उंचवटा तिथे निळा डाग. मी तारा काढल्या, घोडी उपटली, खाचेत निळा कागद ठेवला आणि घोडी अंगठ्याने दाबली. दोन टोकांना डाग पडले, मध्ये काही नाही. म्हणजे मधल्या तारांचा दाब पिकअपपर्यंत पोचतच नव्हता. मी बूड घासलं, पुन्हा दाबलं, पुन्हा घासलं, शेवटी डाग अगदी सरळ रेषेत आले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"आता आज कडक काही वाजवू नका," मी सांगितलं. ही थट्टा होती. बाबांनी संध्याकाळभर गिटारला हात लावला नाही, आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा "डॉक्टरांनी मनाई केली आहे" असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वायर लावली आणि आधीपेक्षा वाईट. बारीक तार किंचाळत होती आणि मधली एक तर चक्क बेपत्ता होती. बाबांचा हात कपाकडे गेला.

मी रात्री जेवताना नवऱ्यावर उगीच खेकसले आणि भात वाढता वाढता मला माझी चूक कळली. मी पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून त्याचा चावा तपासला होता. तारा काढल्यावर दाब उरतोच कुठे? तारा ताणल्या की लाकूड फुगतं, घोडी पुढे झुकते, सगळंच बदलतं. पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या पोरीनेसुद्धा ही चूक केली नसती. पण पहिल्या वर्षाला गिटार नसते.

मग कागद आत ठेवून तारा पूर्ण ताणायच्या, सुरात लावायच्या, पुन्हा सैल करून घोडी काढायची आणि डाग बघायचे, असा उद्योग सुरू झाला. प्रत्येक वेळी बाबा सहाही तारा लावायचे. तक्रार नाही, काही नाही. उलट त्यांना मजा यायला लागली होती. एकदा मी जरा जास्त खरवडलं तर म्हणाले, "सावकाश गं, हिला बधिर केलेलं नाहीये." डाग शेवटी सहाही तारांखाली सारखे आले. आवाजही सारखा आला. फक्त घासून घासून घोडी इतकी बुटकी झाली की तारा खाली मानेला लागून चरचरायला लागल्या.

मी कपाळाला हात लावला आणि लॅबवाल्याला फोन केला. हा माझ्या पेशंटांच्या कवळ्या बनवतो. माणूस चांगला आहे, पण प्रश्न फार विचारतो.

"मॅडम, हा कुठला दात?"

"दात नाही. पट्टी आहे. माप पाठवते त्याप्रमाणे कर, बूड आरशासारखं सपाट हवं."

"पेशंट काय काय खातो?"

"काही खात नाही. नुसता बोलतो."

"म्हणजे बायकांसारखा," असं काहीतरी तो म्हणाला आणि मी फोन ठेवला. दोन दिवसांनी डबी आली. वर चिठ्ठी, 'वरचा जबडा, जपून'. आत पट्टी होती, माप तंतोतंत, बूड आरशासारखं, आणि रंग गुलाबी. हिरडीचा गुलाबी. घाईच्या कामाला तेवढंच मटेरियल भिजवलेलं होतं म्हणे.

"शोभा होणार माझी," बाबा म्हणाले.

"आधी ऐका तर."

त्यांनी तारा चढवल्या, मी कडेची तीन बटणं फिरवून बघितली. मधलं बटण कमी केलं की नाकातला आवाज जातो, एवढं मी आता शिकले होते. बाबांनी अंगठ्याने सगळ्या तारा छेडल्या.

कवळीचं ते मटेरियल हाडापेक्षा मऊ असतं. मला ते चावायच्या बाबतीत माहीत होतं, वाजायच्या बाबतीत माहीत नव्हतं. किंचाळणं गेलं होतं. जाड तारा जाड वाजत होत्या, बारीक तारा बारीक, आणि त्यांच्यामध्ये कुठेही खड्डा नव्हता. स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वायर काढली का?" वायर लावलेली होती. बाबांनी त्या दिवशी स्वतः चहा केला आणि सगळ्यांना दिला. त्यात साखर नव्हती, पण आम्ही प्यायलो.

कार्यक्रमाला मी गेले ती अर्थात माझं काम बघायला. हॉलच्या दोन्ही भिंतींना जुन्या मासिकांची कपाटं, वर कुरकुरणारे पंखे, घडीच्या खुर्च्या. बऱ्यापैकी लोक होते. मी पुढच्या रांगेत बसले. गुलाबी घोडी तिथूनही दिसत होती. टेलरकाकांनी ती एकदा वाकून बघितली.

पहिल्याच सुरावटीला मागच्या रांगेतल्या दोघींनी गप्पा थांबवल्या. मी मान वळवून खात्री करून घेतली. गिटार हॉलभर पसरली होती, अगदी समोर बसून वाजवावी तशी. बोट तारेवरून सरकल्याचंही ऐकू येत होतं. एकेक ठोका सुटा, स्वच्छ. ओळ संपली की बाबा किंचित थांबायचे आणि पुढची ओळ धरायचे. मला वाटलं असंच असतं, मला काय कळतंय. माझी छाती अभिमानाने फुगली होती. फक्त एक गोष्ट खटकली. मोजणीकाकांचा चेहरा खुलायच्या ऐवजी पडत चालला होता.

मध्यंतरात आम्ही हॉलमागच्या खोलीत चहाला जमलो. बाबांचे डोळे चमकत होते.

"काय मग?" ते म्हणाले. "आहे का कुठे बदक?"

मोजणीकाका माउथ ऑर्गन रुमालाने पुसत होते. तो कधीच पुसून झाला होता. "छान झालाय आवाज," ते म्हणाले. "फारच छान झालाय."

"मग?"

"अरे, तेच तर. आता सगळंच कळतं." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग चहाकडे. "खरं सांगू का, आवाजाचा प्रश्न नव्हताच कधी. तू मागे राहतोस. प्रत्येक ओळीला. किती महिने बघतोय. आता हे मित्राला कसं सांगायचं? म्हणून म्हटलं बदक. वाटलं, यंत्रावर ढकललं की तुलाही बरं, मलाही बरं. तू हे असं दुरुस्त करून आणशील असं कुठे वाटलं होतं मला."

बाबांनी कप खाली ठेवला, गिटारची पिशवी ओढली आणि गिटार आत घालायला लागले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "वय झालं. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. बोलाव त्या कीबोर्डवाल्याला. चल गं, निघू आपण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मोजणीकाकांवर, आणि लगेच स्वतःवर. दुखणारा दात कुठला, हे पेशंटला कधी नीट सांगता येत नाही. किडलेली असते खालची दाढ आणि बोट असतं वरच्या दाढेवर. हे मी रोज बघते, आणि तरी मोजणीकाकांनी बोट ठेवलं तिथेच मी आठवडाभर घासत बसले होते.

आणि मग मला ते थांबणं आठवलं. सुई टोचताना मी माणसाच्या श्वासावर नजर ठेवते, खांदे वर गेले की हात थांबवते. आता ते आपोआप होतं, समोर कुणीही असो. अर्धा कार्यक्रम मी पुढच्या रांगेत बसून मोजणीकाकांचे खांदे बघत होते. ओळ संपता संपता त्यांचे खांदे वर जायचे आणि तेव्हाच, बरोबर तेव्हाच, गिटार थांबायची.

"काका," मी म्हटलं, "बाबा मागे राहत नाहीत. तुमचा श्वास पुरत नाही तिथे ते थांबतात. तुम्ही श्वास घेऊन परत सुरू केलंत की ते पुढचं धरतात."

"सूनबाई, गप्प बस," बाबा म्हणाले. लग्न झाल्यापासून ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

"का गप्प बसू? खोटं आहे का?"

"तुला गिटार दिली होती दुरुस्तीला. माणसं दिली नव्हती."

मोजणीकाका आमच्या दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी टेलरकाकांकडे बघितलं. टेलरकाका बिस्किट चहात बुडवून उभे होते.

"ही म्हणते ते खरं आहे?"

"हो," टेलरकाका म्हणाले.

"कधीपासून?"

"तुझ्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास बदक." टेलरकाकांचं बिस्किट तुटून चहात पडलं, त्याकडे बघतच ते म्हणाले, "मी म्हटलं, असेल बदक."

मोजणीकाका घडीच्या खुर्चीवर बसले. बाबा पिशवीची चेन लावायला बघत होते आणि ती अडकली होती. ते ती ओढतच राहिले.

"मी तुला काढायला निघालो होतो," मोजणीकाका म्हणाले. "आणि तू निघून जाणार होतास. एक शब्द बोलला नसतास."

"बोलून काय झालं असतं?" बाबा चेनशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तुला कळलं असतं की श्वास पुरत नाही. तू दुसऱ्या दिवशी वाजवणं सोडलं असतंस. ओळखतो मी तुला. तू दवाखान्यातून घरी आलास तेव्हा काय म्हणाला होतास? हे वाजवता येतंय तोवर मी बरा आहे. मग काय सांगायचं होतं मी?"

मला रडायला येत होतं आणि त्याचा मला भयंकर राग येत होता, कारण मला रडताना नाक वाहतं आणि रुमाल गाडीत राहिला होता. मोजणीकाकांनी त्यांचा पुढे केला, ज्याने माउथ ऑर्गन पुसला होता तोच. मी घेतला.

बाहेर ग्रंथपाल टाळ्या वाजवून लोकांना जागेवर बसवत होते. मोजणीकाका उठले, बाबांच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि अडकलेली चेन एका हिसक्यात मागे ओढली. चेन तुटली.

"ही तशीही तुटणारच होती," ते म्हणाले. "चल, बस जाग्यावर."

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. पहिल्या ओळीच्या शेवटी मोजणीकाकांचे खांदे वर गेले, आणि या वेळी त्यांनी काही लपवलं नाही. माउथ ऑर्गन ओठांपासून दूर केला, मान वर केली आणि सगळ्या हॉलदेखत, घाई न करता, पोटभर श्वास घेतला. बाबांनी एक तार छेडून ती तशीच वाजत ठेवली. ती एवढी स्वच्छ वाजत होती की ते वाट बघतायत हे शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. मग दोघांनी एकदम पुढची ओळ उचलली. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "किती सुंदर थांबतात गं."

शेवटी मोजणीकाका माइकजवळ आले. कलाकारांची ओळख तेच करून देतात, दर वेळी तीच दोन वाक्यं. या वेळी ते जरा धापा टाकत होते आणि त्या लपवायला गेले नाहीत.

"गिटारवर माझा मित्र," ते म्हणाले. "तो थांबतो म्हणून मी वाजवतो."

टेलरकाकांनी व्हायोलिन खाली ठेवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माइक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "व्हायोलिनवर मी. मी दोघांसाठी थांबतो."

हॉल हसत सुटला. बाबा मात्र खाली मान घालून एक तार पुन्हा पुन्हा पिळून लावत बसले होते. ती लागलेलीच होती, एवढं तर आता मलाही कळतं.